धुराचे फोटो काढतोय, पण फोटोत धूरच येत नाहीये

पावणेआठची_लोकल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आईनं देवापुढे उदबत्ती लावली. आमचा देव्हारा हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोर. मावळतीचं ऊन पडद्याच्या फटीतून तिरपं आत आलं होतं आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यात तो धूर असा काही उलगडत होता की हातातला चहा निवला तरी मी तिथेच उभा. कॅमेरा कपाटातून काढेपर्यंत ऊन गेलं.

तेव्हापासून तीन रविवार खटपट चालली आहे. सामान असं: जुना वापरलेला डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि एक ५० मिमी एफ/१.८. वेगळा फ्लॅश नाही, कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडतो तेवढाच. मागे काळं हवं असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून आईची संक्रांतीची काळी साडी कपाटाच्या मुठींना अडकवली, पुढे स्टुलावर उदबत्ती ठेवली, ट्यूब लावली आणि ऑटोवर फोटो काढले.

तक्रारी:
साडी काळी येतच नाही. पाटीसारखी करडी येते, आणि जरतार मात्र लखलखीत दिसते.
धूर म्हणजे कुणीतरी बोटानं पुसल्यासारखा डाग.
फोकस बसत नाही. लेन्स नुसती पुढेमागे कुईकुई करत राहते.

पंखा बंद करून हे सगळं चाललंय, त्यामुळे घरचेही आता तापायला लागलेत. नेमकं काय चुकतंय?

सुपारी_कातर

पहिला प्रश्न. धुराचे फोटो काढून करणार काय?

(फोटो बघायला आलो होतो, एकही नाही. निषेध.)

लोलक

लोकल, तुमची पहिली चूक नाहीच, उलट पहिल्याच दिवशी तुम्ही बरोबर दृश्य बघितलंत. नंतर ते विसरलात.

धुराला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडलेला प्रकाश तो इकडेतिकडे फेकतो, त्यातला जेवढा आपल्या डोळ्यात येतो तेवढाच धूर दिसतो. त्या संध्याकाळी सगळं आपसूक जमलं होतं: प्रकाश बाजूनं, तोही अरुंद पट्ट्यात, आणि मागे अंधारा कोपरा. ऊन फक्त धुरावर पडत होतं, बाकी कशावरच नाही. आता ट्यूब लावल्यावर काय होतं? धूर, साडी, कपाट, स्टूल, तुमचा शर्ट, सगळं सारखंच उजळतं. धूर त्यात हरवणारच.

म्हणून आधी ट्यूब बंद. रात्री काढा, खिडकीतून रस्त्याचा दिवा येत असेल तर तोही झाका.

मग एक टॉर्च घ्या. धुराच्या बाजूला आणि थोडा मागे ठेवा, म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहिलात तर टॉर्च घड्याळातल्या दोन किंवा दहाच्या जागी हवा. धुराचे कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेनं, म्हणजे तो चालला होता तिकडेच, फेकतात. त्यामुळे टॉर्च मागून-बाजूनं आला की धूर उजळतो आणि कॅमेऱ्याजवळून मारला की फिका पडतो. डोक्यावरचा फ्लॅश म्हणूनच कुचकामी. तो धूर चपटा करतो आणि थेट साडीवर जाऊन आदळतो.

टॉर्चच्या तोंडाला नळी लावा. शटलकॉकची रिकामी नळी झकास बसते, आतून काळा कागद चिकटवायचा. लेन्सच्या बाजूलाही एक पुठ्ठा उभा करा, टॉर्चची तिरीप काचेत शिरली तर सगळा फोटो दुधाळ होतो.

साडी आईला परत द्या. सुती, जॉर्जेट, सॅटिन, सगळी कापडं थोडीफार चमकतात. काळी मखमल आणा. तिच्या लवीत प्रकाश अडकतो, परत येत नाही. आणि ती उदबत्तीला चिकटून नको, मागे चार-पाच फूट हवी. हिशोब सरळ आहे. टॉर्चपासून धूर एक फुटावर आणि कापड चार फुटांवर असेल तर कापडावर सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश पोचतो. नळीमुळे तोही बहुतेक भलतीकडेच जातो.

सेटिंग: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/११ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर (उघडं राहण्याचा वेळ) १/२०० सेकंद.

पातळ_पोहे

लोलक, मुद्दे सगळे मान्य, शेवटच्या ओळीला मात्र आक्षेप. हे आकडे फ्लॅशचे झाले. टॉर्चवर एफ/११ आणि आयएसओ २०० ठेवलं तर त्यांना फक्त काळी मखमल दिसेल, तीसुद्धा उत्कृष्ट काळी.

लोकल, फ्लॅश नसेल तर सुरुवात अशी करा: आयएसओ १६००, एफ/४, शटर १/२५०. मग फोटो बघत वरखाली. जुन्या कॅमेऱ्यात १६००ला थोडी खसखस (दाणेदारपणा) दिसेल, दिसू दे. शटर मात्र खाली आणू नका. धूर सेकंदाला फूटभर वर चढतो असं धरलं तर १/३०मध्ये तो सेंटीमीटरभर सरकतो. तुमचा 'बोटानं पुसलेला डाग' तो हाच. १/२५०ला हीच सरक मिलीमीटरभर उरते.

आणि ऑटो मोड का फसतो तेही सांगून ठेवतो. कॅमेऱ्याला वाटतं की जगातलं प्रत्येक दृश्य सरासरीनं करडं असतं. सगळी चौकट काळी दिसली की तो घाबरतो, 'अंधार फार झाला' म्हणतो आणि शटर लांबवतो. साडी करडी झाली ती तिथे. फोटो नीट आला की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं) जवळजवळ पूर्ण डावीकडे चिकटलेला दिसेल. ते बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

लोलक

बरोबर, चूक कबूल. मी वर्षानुवर्षं फ्लॅशवरच काढतोय, हात त्याच आकड्यांवर गेला.

फोकसचं राहिलं. धुरावर ऑटोफोकस बसत नाही, त्याला धरायला कडाच मिळत नाही. उदबत्तीच्या टोकावर फोकस करा, मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवरच थोडा वर उचला, म्हणजे काडी चौकटीबाहेर जाईल. काडी दिसली की फोटो 'उदबत्तीचा' होतो, धुराचा राहत नाही. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

तुमची ५०ची लेन्सच वापरा. मीटरभर अंतरावरून एफ/१.८ला जेमतेम तीन सेंटीमीटर खोली धारदार येते, एफ/४ला सहा-साडेसहा, एफ/८ला बारा-तेरा. धूर काही तुमच्या सोयीनं एका प्रतलात उभा राहत नाही, त्यामुळे एफ/१.८चा मोह टाळा.

तांबडा_रस्सा

लै भारी धागा. मी ह्याच्यातलं कायबी केलेलं न्हाई, पण गुऱ्हाळावर गेल्यावर चुलवाणाच्या धुराचे काढलेत. सकाळी सातला, ऊन समोरनं आल्यावर. तवा कळलं न्हवतं की ते फोटो एवढे का जमले. आता कळलं, मागं गर्द ऊस आन् समोरनं ऊन.

चार्जर_हरवला

मोबाईलवर जमेल का? माझ्याकडे कॅमेरा नाही आणि घेणारही नाही.

पातळ_पोहे

जमेल. मी सुरुवात फोनवरच केली होती. चार गोष्टी पाळा.

फोन हातात धरू नका, कशाला तरी टेकवा. नाईट मोड बंद करा. तो पाचसात फोटो एकावर एक चढवून एक करतो, हलत्या धुराचा त्यात लगदा होतो. प्रो मोड असेल तर आयएसओ ४०० ते ८०० आणि शटर १/२००च्या आसपास. फोनची लेन्स मुळातच बरीच उघडी असते, छिद्राची चिंता नको. उदबत्तीच्या टोकावर बोट दाबून धरलं की फोकस कुलूपबंद होतो, मग तिथून चौकट वर सरकवा.

प्रो मोड नसेल तर फोकस कुलूपबंद केल्यावर उजेडाची ती छोटी सूर्याची पट्टी खाली ओढा. मागचं काळं दिसेपर्यंत ओढा. त्यातच शटरही बऱ्यापैकी वेगवान होतं.

घरातल्या साध्या एलईडी बल्बवर काढत असाल तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. बॅटरीचा टॉर्च बरा, तोही पूर्ण तेजावर. काही टॉर्च मंद करताना लुकलुकूनच मंद होतात.

माजघर

फोटोतलं मला काही कळत नाही, पण एक सांगावंसं वाटतं. खिडक्या लावून, पंखा बंद करून तासभर उदबत्त्या जाळायच्या म्हणजे तो सगळा धूर घरच्यांच्या छातीत जाणार. आमच्याकडे सासूबाईंना दमा आहे. दोन उदबत्त्या जास्त झाल्या तरी रात्री खोकला थांबत नाही. लहान मूल, म्हातारं माणूस, पिंजऱ्यातला पोपट असेल तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवा. आणि विझलेली काडी कचऱ्यात टाकताना आधी पाण्यात बुडवा. मखमल पेटायला वेळ लागत नाही.

लोलक

माजघरताई, शंभर टक्के. आणि हे नियम पाळले तर फोटोही सुधारतात, गंमत म्हणजे. दहा मिनिटांत खोलीभर पातळ धूर साचतो. मग टॉर्चच्या वाटेत येणारी सगळी हवाच उजळते आणि काळं काही काळं राहत नाही. दहा मिनिटं काढायचं, काडी विझवायची, खिडक्या-दारं उघडून पंखा पाचवर, पंधरा मिनिटं चहा. मग हवा स्थिर व्हायला पाच मिनिटं. एका बैठकीत असे तीन फेरे पुरे.

काडी उभी करायला वाटीत वाळू किंवा तांदूळ. शेजारी तांब्याभर पाणी. काडी मखमलीपासून लांब, टॉर्चच्या नळीपासूनही लांब.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितेय. आमच्याकडे झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये छताला धूरसूचक यंत्र लावणं कायद्यानंच सक्तीचं आहे. मागच्या गणपतीत धूप घातला आणि आरतीच्या ऐन 'लंबोदर पीतांबर'ला ते जे किंचाळायला लागलं, खालच्या मजल्यावरच्या आजी घाबरून वर आल्या. प्रसाद घेऊन गेल्या.

पण लोलक यांचा प्रतिसाद वाचला आणि त्या यंत्राची आठवण झाली. इथली बहुतेक यंत्रं प्रकाशावर चालतात. आतल्या छोट्या काळ्या डबीत एक एलईडी असतो आणि एक संवेदक, पण दोघं समोरासमोर नसतात, कोनात असतात. स्वच्छ हवेत एलईडीचा प्रकाश संवेदकाला दिसतच नाही. धूर आत शिरला की कणांवर आपटून प्रकाश बाजूला फेकला जातो, संवेदकावर पडतो, आणि बोंब सुरू.

म्हणजे काळी डबी, बाजूनं दिवा, कोनात बघणारा डोळा. लोकल यांचा सेटअपच की हा!

परदेशातल्यांनी हा उद्योग करताना ते यंत्र झाकायचं किंवा काढून ठेवायचं नाही. भाड्याच्या घरात तर नाहीच. मी बाल्कनीत काढते, वारा पडलेल्या रात्री. महिन्यातून एखादी मिळते.

सुपारी_कातर

आरतीचा किस्सा आवडला. धाग्याचा उपयोग झाला म्हणायचा.

पावणेआठची_लोकल

सगळ्यांचे आभार. हा रविवार सार्थकी लागला!

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मंगलदास मार्केटमधून दीड मीटर काळी मखमल आणली. दुकानदारानं विचारलं, 'दागिन्यांच्या ट्रेला का?' मी हो म्हणालो. धुरासाठी म्हटलं असतं तर भाव वाढला असता. शटलकॉकची नळी शेजारच्या मुलाकडून. कॅमेरा खुर्चीवर, कारण ट्रायपॉडचा एक पाय ढिला आहे.

आकडे पोहे यांचेच: आयएसओ १६००, एफ/४, १/२५०. पहिलाच फोटो बघून मी अक्षरशः ओरडलो. मागे काजळासारखं काळं आणि त्यात धूर निळसर. मी व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल राखणारं सेटिंग) तीनदा तपासला. निळा का?

दुसरं म्हणजे धूर काडीपासून सरळ रेघेत वर जातो आणि वीतभरानंतर अचानक बिथरतो. मी चौकट खाली धरली तर नुसती रेघ येते, वर धरली तर नुसता गुंता. मजा नेमकी मधे आहे, पण ती जागा सारखी वरखाली होते. ती स्थिर करता येते का?

फोटो क्रमांक ३ आणि ७ पहा, बाकीचे माझ्या समाधानासाठी.

खडू_फळा

दोन्ही प्रश्न माझ्या तासाचे आहेत. राहवत नाही.

निळा का: उदबत्तीच्या ताज्या धुरातले कण फार बारीक असतात, बरेचसे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. असे कण लाल प्रकाशापेक्षा निळा जास्त विखुरतात. बाजूनं प्रकाश टाकून काळ्यावर बघितलं की हा विखुरलेला निळाच दिसतो. आकाश निळं दिसतं त्यामागेही लहान कणांचं हेच विखुरणं आहे, तिथे हवेचे रेणू ते काम करतात. व्हाइट बॅलन्स ठीक आहे, त्याला छळू नका. विडीचं टोक आणि विडी ओढणाऱ्याचं तोंड बघा कधी. टोकाचा धूर निळसर, तोंडातून सोडलेला पांढरट, कारण आतली वाफ शोषून कण फुगलेले असतात.

बिथरतो का: उदबत्तीच्या टोकाशी हवा तापते, हलकी होते आणि धुराला घेऊन वर निघते. सुरुवातीला थरावर थर सरकत जातात, गडबड नाही. वर जाता जाता वेग वाढतो, झोत रुंदावतो, आणि एका टप्प्यावर हवेचा चिकटपणा त्याला आवरू शकत नाही. मग बारीकशा धक्क्यानंही झोत डुलतो, वळ्या पडतात, आणि पुढे सगळा गोंधळ. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८३मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून पाणी सोडून, त्यात रंगाची बारीक धार घालून नेमकं हेच दाखवलं. वेग कमी तोवर धार सरळ, वाढवला की मोडते. तुमचा देव्हारा म्हणजे तोच प्रयोग, उभा आणि नळीशिवाय.

आता उपाय. ती जागा वरखाली होते कारण खोलीतली हवा हलते. त्यात तुमचा श्वासही आला. कॅमेऱ्यापासून हात लांब जा, तारेचं किंवा रिमोटचं बटण वापरा. हवा खरंच स्थिर झाली तर सरळ रेघ हात-दीड हातही वर जाते आणि मग मुद्दाम मोडावी लागते. स्टीलचा चमचा, पाठीकडून, धुराच्या वाटेत हळूच आडवा आणा आणि काढून घ्या. जोड भोवरे सुटतात.

जाता जाता. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले, हलत्या गोष्टींचे फोटो काढण्यात हयात गेली. शेवटच्या वर्षांत त्यांनी धुराचं यंत्रच बांधलं. १९०१च्या यंत्रात ५७ नळ्यांतून धुराच्या समांतर रेघा सोडायच्या, वाटेत त्रिकोण, वाकडी फळी असं काहीतरी धरायचं आणि मॅग्नेशियमच्या झगमगाटात काळ्यावर फोटो घ्यायचा. हवा अडथळ्याला कशी वळसा घालते ते बघायला. सुपारी, 'धुराचे फोटो काढून करणार काय' याला हे माझ्याकडून उत्तर समजा.

सुपारी_कातर

मास्तर, मी मागच्या बाकावर बसलोय, मला दिसलं नाही असं समजा.

चार्जर_हरवला

फोनवर आले!!! अर्धे हललेले आहेत, पण एकात अगदी घुबड दिसतंय. आईला दाखवलं, तिला गणपती दिसला. बाबांना वीजबिल.

कापूर जाळून बघितला, त्याचा काहीच दिसला नाही. का?

लोलक

कापराची ज्योत काजळी सोडते. काजळी प्रकाश फेकत नाही, गिळते. काळ्यावर काळं, दिसणार काय? शिवाय ती लेन्सवर बसते, पुसताना ओरखडे. कापूर आरतीलाच ठेवा.

धूपकांडी किंवा लोबान दाट ढग देतात, रेघा देत नाहीत. मऊ, भरीव काही हवं असेल तर वापरून बघा. रेघांसाठी साधी बारीक काडीची उदबत्तीच. दोन काड्या बोटभर अंतरावर लावल्या की दोन धारा वर जाऊन एकमेकींत गुंततात, तेही बघा एकदा.

पावणेआठची_लोकल

एका मित्रानं त्याचा फ्लॅश आणि रिमोटची जोडी आठवडाभर दिली आहे. बिचकतच विचारतो, टॉर्चपेक्षा ह्यात नेमकं काय वेगळं? की नुसताच उजेड जास्त?

लोलक

उजेड जास्त, आणि वेळ कमी. दुसरं जास्त महत्त्वाचं.

अंधाऱ्या खोलीत शटर किती वेळ उघडं होतं याला अर्थच उरत नाही. फोटो उमटतो तो फ्लॅश पेटलेला असतो तेवढ्याच क्षणात. पूर्ण ताकदीवर तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतो, ताकद कमी केली की आणखी आखूड होतो. म्हणून फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ ताकदीवर ठेवा, नळीसकट, टॉर्चच्याच जागी. आता माझे पहिले आकडे चालतील: आयएसओ २००, एफ/८ ते ११, शटर १/१६० किंवा १/२००. त्याहून वेगवान शटर लावलंत तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोचा एक पट्टा काळा येतो. तेवढ्या वेगात शटरचा पडदा एका वेळी पूर्ण उघडा कधीच नसतो, फ्लॅश पेटतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो.

तोटा असा की धूर आधी दिसत नाही. टॉर्चवर तुम्ही बघून दाबता, फ्लॅशवर अंदाजानं. मी टॉर्च कोपऱ्यात मंद लावून ठेवतो, डोळ्यापुरता.

आणि एफ/१६पर्यंत जाऊ नका, जुन्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरची सगळी धूळ हजेरी लावेल.

पातळ_पोहे

संपादनाचं कुणी बोललं नाही अजून, तर मी सुरुवात करतो.

जिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसं आहे. लेव्हल्समध्ये काळं टोक थोडं उजवीकडे सरकवा, मखमलीची उरलीसुरली छटा जाते. पांढरं टोक डावीकडे, धूर चमकतो. जास्त ओढलंत तर धुराचे पातळ पदर आधी जातात, जीव त्यांच्यातच असतो. तेव्हा हात आखडता.

मग रंग उलटे करा. काळं पांढरं होतं आणि निळसर धूर तपकिरी-नारिंगी. कागदावर शाई सोडल्यासारखा दिसतो. फोनवर स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये कर्व्हची रेघ उलटी केली, म्हणजे डावं टोक वर आणि उजवं खाली, तरी तेच होतं. नवा लेयर घेऊन त्यावर रंगांचा उतार टाकला की इंद्रधनुष्यही करता येतं.

लोलक

इथे माझं आणि पोहे यांचं जुनं भांडण आहे. उलटं करणं ठीक, छान दिसतं. पण तो इंद्रधनुष्यी धूर बघितला की मला लग्नाच्या हॉलमधली रोषणाई आठवते. रंग हवाच असेल तर प्रकाशात घाला. आकाशकंदिलाला लावतात तो जिलेटिन कागद टॉर्चच्या तोंडाला लावा, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळा. जिथे पदर एकमेकांवर येतात तिथे रंग खरे मिसळतात, संगणकावर ते तसं जमत नाही.

पातळ_पोहे

लग्नाच्या हॉलमधली रोषणाई मला आवडते. पुढे बोला.

नेकारकाठ

मी पोहे यांच्या बाजूनं. उलटा केलेला एक फोटो छापून भिंतीवर लावलाय. खालच्या आजी विचारत होत्या, चित्र कुणी काढलं.

पावणेआठची_लोकल

अंतिम अहवाल. मित्राचा फ्लॅश परत गेला. एकूण ४१२ फोटो, ठेवण्यासारखे नऊ, दुसऱ्याला दाखवण्यासारखे चार. चारही खाली दिलेत. दुसऱ्यात चमचा आहे (मास्तर, जोड भोवरे!), चौथ्यात दोन काड्या. एक उलटा केलाय, इंद्रधनुष्य नाही, पोहे माफ करा. लेन्सवर चिकट थर बसला होता, आता फिल्टर लावून काढतो आणि झाल्यावर पुसतो.

चुका ज्या मी केल्या: लोलक यांनी सांगूनही नळीच्या आत काळा कागद लावायला आळस केला, तर आतला चकचकीत पुठ्ठा कडेनं प्रकाश फेकत होता. आणि मी स्वतः पांढरा बनियन घालून बसलो होतो. त्यावरून उडालेला उजेड मखमलीवर दिसत होता! बनियन काढून काळा टीशर्ट घातला, फरक लगेच कळला.

चारही फोटो छान आहेत. पण खरं सांगू? त्या संध्याकाळी बघितला होता तो हा नव्हे. हा फार स्वच्छ आहे. त्यात ऊन पिवळं होतं, धुळीचे कण तरंगत होते, मागे समईची कड जेमतेम दिसत होती.

म्हणून उद्या सुट्टी काढलीये. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. सव्वासहाला ऊन आलं की उन्हातच काढणार. आईला उदबत्ती जरा थांबून लाव म्हटलंय.

खडू_फळा

लोकल, एक शंका. तुम्ही ते ऊन महिन्यापूर्वी बघितलं होतं. एवढ्या दिवसांत सूर्य मावळायची जागा क्षितिजावर सरकलेली असणार. तोच पट्टा त्याच कोपऱ्यात पडतोय का, ते आजच संध्याकाळी बघून घ्या.

पावणेआठची_लोकल

मास्तर, आत्ता बघून आलो. पट्टा देव्हाऱ्यावर नाही. दोन हात डावीकडे, फ्रिजवर पडतोय. फ्रिज पांढरा.

मखमल फ्रिजवर टाकतो, पण मग समईची कड कुठून आणू? समई स्टुलावर ठेवली तर आई परवानगी देईल असं वाटत नाही. विचारून बघतो.

माजघर

समईऐवजी पितळी तांब्या ठेवा. उन्हात कड तशीच दिसेल, आणि पाणी जवळ असलेलं बरं.

सुपारी_कातर

आणि पडदा उद्यापर्यंत धुवायला टाकू देऊ नका. फट तीच हवी.